हातावरचं मीठ

चैत्रातल्या एकादशीला दिवस कलताना रतिलाल कीर्तनाला उभा राहिला आणि जीवराम त्याच्या मागं, टाळकऱ्यांच्या रांगेत. आजवर हे उलटं होतं. थोरला भाऊ पुढं वीणा घेऊन आणि धाकटा मागं टाळ घेऊन, असंच गावानं बघितलं होतं. त्यामुळं पहिल्या गजराला बायाबापड्यांच्या नजरा आधी मागं गेल्या, मग पुढं आल्या.

जीवरामचा हात थरथरत होता. टाळावर टाळ पडला की त्याचा एकच आवाज निघावा, पण जीवरामच्या टाळामागून आणखी बारीक किणकिण यायची. बैल थांबला तरी घुंगरं थांबू नयेत, तशी. मृदंगी पितांबरनं आधी दोनदा वळून बघितलं. मग त्यानं बघायचं सोडलं. त्याचं ते न बघणंच जीवरामला जास्त लागलं.

निरूपणात रतिलाल मध्येच अडला. एक चरण सुटला, पुढचा सापडेना. त्यानं उपरण्यानं कपाळ पुसलं आणि मागं वळून भावाकडं बघितलं. तो चरण जीवरामच्या जिभेच्या टोकावर होता. जीवरामनं डोळे मिटले आणि टाळ वाजवला.

मग रतिलालनं चरण सोडला आणि दृष्टांत घेतला.

"केळ आयुष्यात एकदाच घड देते मायबाप. घड उतरला की मालक तिले उभी कापतो. ती काई रडत नही. कारण तिच्या पायाशी पिल उभं असते, आन कापलेल्या खोडातला वलावा त्या पिलालेच जातो. तसा हा 'मी' कापला जाऊ द्या. पायाशी नाम उभं आहे."

केळीत जन्म गेलेली माणसं ती. बायांनी पदर डोळ्यांना लावले, म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. हा दृष्टांत जीवरामचा होता. सहा सालांमागं बागेत पाणी भरताना त्याला तो सुचला होता, आणि पहिल्यांदा ऐकवला होता तो रतिलाललाच. आता तो मागं उभा राहून ऐकत होता, आणि आपण खोड आहोत की काय, असं त्याला झालं.

कीर्तन सुटल्यावर तानुबाई काठी टेकत आली. गावातली सगळ्यात जुनी श्रोती ती. बुक्का लावलेलं कपाळ वर करून म्हणाली, "जीवराम, तू उभा रायला का भेव वाटे रे बापा, हा कुठी घेऊन जाईन म्हनून. रतिलालच्या संगं जाऊन घरी परत येता येते."

ती चांगलं म्हणूनच बोलली होती. जीवरामनं ते घरापर्यंत दातात धरून नेलं.

घरी बायकोनं, इंदिराबाईनं, त्याला चहा पेल्यात दिला, अर्धाच भरून. कपबशी ती आता त्याच्यासमोर आणत नसे. अंगणाच्या पलीकडं रतिलालची चूल होती. तिथं गावची माणसं टेकली होती, आणि त्याची बायको कुंदाबाई कपबशा वाजवत चहा देत होती. त्या कपबशांचा आवाज जीवराम पेला संपेपर्यंत ऐकत बसला.

*

दोन सालांमागं तो आजारी पडला होता. आधी कुणाला आजार वाटलाच नाही. त्याची झोप उडाली आणि आवाज चढला. असा चढला की एदलाबादपासून माणसं ऐकायला येऊ लागली. कुणीतरी टेप आणून त्याचं कीर्तन भरून घेतलं. तो बोलायला लागला की एका दृष्टांतातून दुसरा फुटायचा, दुसऱ्यातून तिसरा, आणि लोक मागं पडायचे. एके सकाळी त्यानं विळा घेऊन केळीच्या बागेतले कोवळे, हिरवे घड उतरवले, गाडीत घातले आणि चौकात उभं राहून मुक्ताईचा प्रसाद म्हणून वाटले. न पिकणारी केळी. लोकांनी हात जोडून घेतली आणि म्हशींना घातली.

मग तो पडला. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायचा. अंघोळ नाही, नाम नाही. इंदिराबाई भाकर घेऊन जायची आणि तीच भाकर घेऊन परत यायची. लिंबू उतरून झालं, भगत झाला. शेवटी रतिलालनं त्याला एसटीत घालून जळगावच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर सावकाश बोलणारे होते. म्हणाले, "तुमची भक्ती खरी आहे, ती आजार नाही. झोप न लागणं, विचार पळत सुटणं आणि मग सगळं विझून जाणं, हा आजार. तो मेंदूत असतो. चढ आणि उतार, दोन्ही एकाच आजाराची तोंडं." त्यांनी गोळी लिहून दिली. लिथियमची. "हे एक प्रकारचं मीठच आहे, जमिनीतून निघणारं. पण नेमक्या मापात हवं. कमी पडलं तर काम करत नाही, जास्त झालं तर विष होतं. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं. हात थोडे थरथरतील, घाबरू नका. पाणी भरपूर प्या. आणि जेवणातलं मीठ सोडू नका."

गोळीनं तो उठला. अंघोळ करू लागला, बागेत जाऊ लागला, पोरीच्या सोयरिकीचं बोलू लागला. इंदिराबाईनं मुक्ताईला खण वाहिला, आणि गोळी एक दिवसही चुकवणार नाही अशी त्याच्याकडून शपथ घेतली. ती त्यानं पाळली. आवाजही होता, पण आता तो पायी चालायचा. पूर्वी उडायचा. रुपचंदच्या चहाच्या दुकानात अजून कधीमधी त्याची ती टेप लागे. जीवराम रस्त्यानं जाताना थांबायचा, आणि त्या टेपमधल्या माणसाचाही त्याला हेवा वाटायचा.

*

वैशाखात मुक्ताईच्या तिथीला गावात सप्ताह बसायचा, आणि शेवटच्या सकाळी काल्याचं कीर्तन. गावातल्या माणसाला याहून मोठा मान नव्हता. देवळाचं सगळं पंडितनाना बघायचे. त्यांनी अजून नाव घेतलं नव्हतं.

एके दिवशी जीवराम देवळात गेला आणि वैशाख तिथीपर्यंत अळणी धरतो म्हणून मुक्ताईपुढं पाणी सोडून आला. मीठ सोडलं की गळा उघडतो, असं जुने कीर्तनकार सांगत. पंडितनानांना त्यानं एवढंच विचारलं, की औषधाची गोळी मिठाची असली तर व्रताला बाध येतो का. नाना म्हणाले, औषधाचा दोष नाही.

घरी हे ऐकून इंदिराबाईच्या हातातली मिठाची चिमूट तशीच राहिली. डॉक्टरांनी मिठाचं काहीतरी सांगितलं होतं ना, असं तिनं विचारलं.

"तेच तं सांगतलं," जीवराम म्हणाला. "गोयी म्हनजेच मीठ. पोटात मीठ जातेच आहे. मंग वरचं कायले पाह्यजे? जिभेनं सोडलं, इतकंच."

ते ऐकायला बरोबर वाटत होतं. डॉक्टरांचं निम्मं वाक्य त्यात जसंच्या तसं होतं. इंदिराबाईनं त्याची भाजी वेगळी काढली आणि व्रत म्हणून स्वतःही अळणी खाऊ लागली.

कुंदाबाईनं ही गोष्ट रतिलालच्या कानावर घातली. तो बागेत पाण्याची दारं धरत होता. त्यानं फावडं तिथंच रोवलं आणि जीवरामपाशी आला. भावासमोर तो अजूनही डोक्याचं पागोटं नीट करून बोलायचा.

"भाऊ, डॉक्टर म्हने मीठ सोडू नका. मी तिथीच बसेल व्हतो."

जीवराम पिलं काढत होता. केळीच्या एका खोडापाशी पाचसहा पिलं फुटतात. त्यातलं एक धट्टंकट्टं राखायचं आणि बाकीची कापायची, म्हणजे पुढच्या साली त्याची बाग होते. त्याचा विळा थांबला नाही.

"तुले भेव वाटते का रे, काल्याले मी उभा राहीन म्हनून?"

वाक्य खोटं असतं तर रतिलालनं तिथंच भांडण केलं असतं. पण आदल्याच संध्याकाळी अंघोळीच्या पाण्याची वाट बघताना तो काल्याचं निरूपण मनात मांडत बसला होता, आणि नाना आपलंच नाव घेतील अशी त्याची खात्री होती. गावात हे बोलावं तर लोक काय म्हणतील, तेही त्याला दिसलं. भावाचा आवाज परत यायला लागला तर यानं व्रत मोडायला लावलं. तो वळला आणि दाराशी गेला. पाणी वाफा फोडून वाहून चाललं होतं.

दुपारून तो त्या सरीतून गेला तेव्हा थबकला. एका अख्ख्या ओळीत खोडाशी एकही पिल ठेवलेलं नव्हतं. सगळी कापून आडवी पडली होती.

*

वैशाखाचं ऊन केळीच्या पानांच्या कडा जाळत होतं. जीवराम पहाटेपासून बागेत राबे. अंगातून घाम पाझरायचा, वाळायचा, पुन्हा पाझरायचा. तो तांब्यावर तांब्या पाणी प्यायचा आणि तहान भागायची नाही. अळणी वरण जिभेवर मातीसारखं लागे, तरी तो ते चाटून पुसून खायचा, आणि पलीकडं रतिलालच्या चुलीवरून फोडणीचा वास आला की उलट समाधान वाटायचं. आपण सोडलंय, तो सोडू शकत नाही.

बागेत एकटा असताना तो गायचा. पानांच्या भिंतीत आवाज घुमायचा आणि त्याला वाटायचं, येतोय. पोट बिघडलं, दिवसातून पाचसातदा बांधाआड जावं लागे, तेव्हा त्याला वाटलं, देह शुद्ध होतोय. हाताची थरथर दंडापर्यंत चढली. घास तोंडाशी नेताना नाकाला लागू लागला. इंदिराबाई म्हणाली, डॉक्टरांकडं जाऊन येऊ. तो म्हणाला, काला होऊ दे.

पंडितनानांनी शेवटी तोड काढली. काल्याला थोरल्यानं उभं राहावं, नमन आणि पहिलं निरूपण करावं, आणि धाकट्यानं मागं उभं राहून पुढं सांभाळून घ्यावं. व्रत धरलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, असं ते रतिलालला आडून म्हणाले. रतिलालनं मान डोलावली. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि कुंदाबाईनं विचारलं तर पोट दुखतंय म्हणाला.

*

काल्याच्या सकाळी देवळापुढचा मांडव भरून बाहेर माणसं उभी होती. जीवरामच्या डोक्याला फेटा होता, पण तो इंदिराबाईनं बांधून दिला होता. पितांबरनं वीणा त्याच्या गळ्यात घातली. कितीतरी दिवसांनी ते वजन छातीवर आलं आणि जीवरामच्या डोळ्यांत पाणी आलं.

नमन नीट झालं. आवाज चढला. रतिलाल मागं टाळ वाजवत ऐकत होता, आणि त्याला वाटलं, आला, परत आला. आता आपण कायमचे इथं मागं.

मग जीवरामनं केळीचा दृष्टांत घेतला. "केळ... आयुष्यात..." जीभ जड झाली. शब्द एकमेकांत चिकटून येऊ लागले, दारू प्यायलेल्यासारखे. तो थांबला, पुन्हा त्याच वाक्यावर आला, "केळ... एकदाच..." आणि त्याचे पाय डोलू लागले.

कुणीतरी ओरडलं, भाव आला. सगळा मांडव विठ्ठल विठ्ठल करत उठला. टाळ्या जोरात सुरू झाल्या. दोघीतिघी बाया पुढं येऊन त्याच्या पायांवर डोकं ठेवू लागल्या. पितांबरनं मृदंग दुप्पट लयीत घेतला. जीवरामचे हात हवेत उडत होते, आणि लोकांना ते नाचणं वाटत होतं.

रतिलालला हात दिसले. ती रोजची थरथर नव्हती. खांद्यापासून झटके येत होते, घड उतरल्यावर दोर सुटून हिसडावा तसे. डोळे एका जागी ठरत नव्हते. विष होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. रतिलालनं टाळ खाली टाकला, पुढं गेला आणि भावाच्या गळ्यातली वीणा दोन्ही हातांनी ओढून काढली.

मांडव एकदम शांत झाला. वीणेची खुंटी अडकून जीवरामचा फेटा खाली पडला होता. त्या शांततेत तानुबाईचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"देवाच्या दारात भावाची वीना हिसकली रे रतिलाल."

जीवराम रतिलालच्या अंगावर कोसळला होता, आणि त्याला उलटी होत होती. केळीचा माल घेऊन निघालेला एक ट्रक चौकात उभा होता. त्यात घडांच्या वर केळीची पानं अंथरून त्यांनी त्याला निजवला. एका बाजूनं इंदिराबाई धरून बसली, दुसऱ्या बाजूनं रतिलाल. रतिलालच्या हातात अजून वीणा होती. ती कुणाकडं द्यायची, हे त्याला सुचलं नव्हतं, आणि कुणी मागितलीही नव्हती.

*

जळगावला रक्त काढलं. डॉक्टरांनी इंदिराबाईला पहिला प्रश्न केला, मीठ बंद केलं होतं का. ती रडायला लागली. त्यांनी जीवरामच्या शिरेत सुई घातली आणि वर सलाइनची बाटली टांगली.

"शरीराला मीठ कमी पडलं की मूत्रपिंड असेल ते मीठ धरून ठेवतं," ते रतिलालला सांगू लागले. "घामानं गेलं, जुलाबानं गेलं आणि वरून खाल्लं नाही. मग ते जास्तच धरतं. ही गोळी त्याला मिठाचं भावंडच दिसते. दोघांतला फरक त्याला कळत नाही. ते तिलाही धरून बसलं. रोजची गोळी रक्तात साठत गेली. अजून दोन दिवस उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती, किंवा हे गेले असते."

बाटलीत काय आहे, रतिलालनं विचारलं.

"मिठाचं पाणी."

रतिलाल खाटेपाशी उकिडवा बसला. थेंब पडत होते. भावाचं व्रत थेंबाथेंबानं मोडताना तो बघत राहिला, आणि मुक्ताईला मनात म्हणाला की दोष लागायचा तर मला लाव, वीणा मी ओढली. पण ती फक्त भावासाठी ओढली का, हे त्याचं त्यालाच अजून नीट सांगता आलं नसतं. आवाज चढला तेव्हा आपल्याला काय वाटलं होतं, ते त्याला आठवत होतं.

*

जीवराम घरी आला तेव्हा निम्मा उरला होता. गोळी पुन्हा सुरू झाली होती, कमी मापानं. गाव त्याला बघायला येत होतं आणि येणारा प्रत्येक जण अंगणाच्या पलीकडं न बघता आत यायचा. देवानं अंगात प्रवेश केला होता आणि भावानं तो मोडला, म्हणून जीवराम आजारी पडला, अशी गोष्ट तयार झाली होती. तानुबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, रक्ताचा भाऊ असून असा जळतो रे.

एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द जीवरामनं त्या चैत्रातल्या चरणासारखाच जिभेवर धरून ठेवला. गाव पुन्हा त्याचं झालं होतं. पलीकडं आता कपबशा वाजत नव्हत्या. त्याला ते गोड लागत होतं, आणि गोड लागतंय म्हणून झोप येत नव्हती.

निर्जळी एकादशी आली. सगळ्या गावाचे घसे कोरडे, आणि देवळाच्या ओट्यावर जीवराम एकटाच तांब्यातून पाणी पीत बसला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं. संध्याकाळी कीर्तन झालं नाही. रतिलालला उभं राहा म्हणायला कुणी गेलं नाही आणि तो आपणहून आला नाही. नुसतं भजन झालं, तेही ढिलं. पितांबरचा मृदंग पोरक्यासारखा वाजत होता. जीवरामला रिकामी जागा समोर दिसत होती. जिथं रतिलाल उभा राहिला की आपण जळायचो ती जागा. आज ती रिकामी असूनही जळणं थांबलेलं नव्हतं. फक्त आता ते कुणावर टाकावं, हे त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं. देवळापुढं पंगत बसली. केळीची पानं मांडली, आणि वाढायला रतिलाल उठला. मीठ वाढायचं काम त्यानं घेतलं होतं. पंगतीतलं सगळ्यात हलकं काम, कुणाशी बोलावं लागत नाही असं. वाटीतून चिमटीनं मीठ घ्यायचं आणि पानाच्या डाव्या टोकाला ठेवून पुढं सरकायचं. तो वाकून चालला होता. माणसं आपापल्या पानाकडं बघत होती.

जीवरामच्या पानापाशी तो आला, चिमूट ठेवायला वाकला. जीवरामनं पानावर हात आडवा धरला. मग तो हात उलटा केला आणि तळवा भावापुढं पसरला. तळवा थरथरत होता.

"हातावर दे."

रतिलाल तसाच वाकलेला राहिला. समोरच्या रांगेतून तानुबाई म्हणाली, "हातावर मीठ घेऊ नही रे बापा. भांडन लागते."

"लागेल व्हतं ना वं, बाई," जीवराम म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण पंगतीत ऐकू गेला. "मी लावलं. डॉक्टरनं सांगेल व्हतं मीठ सोडू नको, तं मी याच्यावर जयून मीठ सोडलं. यानं वीना ओढली नसती तं आज तुमी माह्या नावाची पंगत जेवत बसले असते."

वाढणारे भाताची परात घेऊन तिथंच थांबले.

रतिलालनं चिमूट भावाच्या तळव्यावर ठेवली. थरथरीनं मिठाचे कण तळव्यावर इकडंतिकडं पळत होते. जीवरामनं मूठ मिटली, तोंडाशी नेली आणि मीठ चाटून घेतलं. खारट लागलं. डोळे मिटून त्यानं ते गिळलं.

"संध्याकायी उभा राय," तो म्हणाला. "दुसऱ्या चरनाले तू घाई करतो. अडला तं मागं पाह्य माह्याकडं. आता सांगीन."

रतिलालनं मान डोलावली. वाटी सावरत तो पुढच्या पानाकडं सरकला, मग त्याच्या पुढच्या. रांग संपवून समोरच्या रांगेत आला. तानुबाईच्या पानाशी वाकला.

तानुबाईनं काठी मांडीखाली सरकवली, पदराला हात पुसला आणि तळवा पुढं केला.

"मले बी हातावरच दे बापा."